हेरिंगपेक्षा गळ जड

हेमलॉक कोव्ह
९ जुलै १९७७

माझी गाठ सुटली म्हणे! आणि हे तू सांगितलंस कुठे, तर बोटीच्या रेडिओवर. घरात म्हणाली असतीस तर घरात भांडलो असतो आणि घरातच जेवलो असतो. आता अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक झालंय. मी दुकानात साखर घ्यायला उभी होते, दुकानदाराचा रेडिओ नेहमीसारखा बोंबलत होता, आणि त्यातून तुझा आवाज आला, "मोठा मासा होता हो, हातातून गेला. आजीने बांधलेली जोडी गेली." जोडी गेली! दुकानातले सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले. विनिफ्रेड तिथे होतीच. ती बाई चर्चमध्ये ऐकत नाही इतकं मन लावून रेडिओ ऐकते. संध्याकाळी माझ्या दारात धुरवलेल्या माशाचा तुकडा घेऊन हजर, कुणी गेल्यावर आणतात तसा, फडक्याने झाकून. म्हणाली, "वय होतंच गं, अगाथा. बोटं ऐकेनाशी होतात." मी म्हटलं, "माझी बोटं ऐकतात हवं तेवढं. तुझ्या कानांनी जरा कमी ऐकलं तर बरं होईल." मासा मात्र ठेवून घेतला. मासा चांगला होता.

डेल्फिन, लक्ष देऊन वाच. लग्न करून या घरात आले तेव्हापासून मी गळ बांधतेय. आधी तुझ्या आजोबांसाठी, मग पोरांसाठी, आता तुझ्यासाठी. एका तंगुसावर दोन गळ, एक आमिषाच्या हेरिंग माशाच्या मानेत, दुसरा शेपटीकडे. माझी गाठ सुटत नाही. तंगूस तुटेल, वल्हं मोडेल, माणूस पाण्यात पडेल, गाठ सुटणार नाही. तो गळ तुझ्याकडे परत आला असेल तर पाठवून दे. मी बघते काय ते.

आणि यापुढे घरच्या गोष्टी रेडिओवर नकोत. पत्र लिही. मासे ठेवायला बर्फ आणणारी बोट दर आठवड्याला तुमच्या मासेमारीच्या तळावर येते, तिच्याबरोबर दे. मला लिहिता-वाचता येत नाही असं समजू नकोस. सरकारी शाळेची बोट आपल्या लोकांची पोरं जबरदस्तीने उचलायला आली तेव्हा माझ्या आजीने मला पालथ्या होडीखाली लपवलं, आणि मी शाळेत गेले नाही ते चांगलंच झालं. अक्षरं मी कॅनरीत, मासे डब्यात भरायच्या कारखान्यात, डबे भरताना डब्यांवरची बघून शिकले. सॅमन हा शब्द मी झोपेतसुद्धा लिहीन. बाकीचे तू समजून घे.

तुझा बेनेडिक्टकाका आजोबांच्या बोटीचा, तू चालवतेस तिचाच, फोटो खिशात घालून हिंडतोय. शहरातला कुणी गिऱ्हाईक आहे. परवा जेवताना म्हणाला, "आई, सप्टेंबरच्या शेवटी बाबांच्या नावाने गावजेवण घालायचं तर मासे हवेत. डेल्फिनने आणले तर बोट घरात राहील. नाही आणले तर बोट विकू आणि कॅनरीतून मासे घेऊ." कॅनरीतून! त्या माणसाच्या नावाने पाहुणे बोलवायचे, आणि दुसऱ्याने पकडलेला मासा त्यांच्या पानात वाढायचा? त्यापेक्षा मला वाढा, म्हातारी आहे पण ताजी आहे.

तू बरी असशीलच. खोकला गेला का ते कळव.

आजी

•

ग्रॅनाइट पॉइंटचा तळ
१६ जुलै

आजी,

गळ काडेपेटीत घालून पाठवलाय. उघडताना बोट टोचून घेऊ नकोस म्हणणार होते, पण तो आता टोचणारच नाही. गळ राहिलेलाच नाही तो, सुई झालीय. गाठ बघ, होती तशी आहे. मी गाठ सुटली असं म्हणालेच नव्हते. जोडी गेली म्हणाले, म्हणजे कामातून गेली. ऐकणाऱ्यांनी काय ते जोडून घेतलं. तरी माझी चूक. चर्चबाहेर तू माझ्या नावाने जे काही बोलली असशील ते मी मान्य करते.

काय झालं ते सांगते. भरती उलटायची वेळ होती, पाणी क्षणभर थांबलं होतं. हेरिंग तू शिकवलीस तशी तिरकी कापली होती, डोकं काढून. पाण्यात सोडली तर इतकी सुंदर गिरक्या घेत खाली गेली की मलाच खावीशी वाटली. आणि मग काठी वाकली ती वाकलीच. आजी, तो मासा वर आलाच नाही, मीच जवळजवळ खाली गेले. बोटीखालून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. पाठ दिसली तेव्हा मला वाटलं कुणीतरी फळी सोडलीय पाण्यात. मी हसले सुद्धा. आणि हसताहसता दोरी हलकी झाली. ओढून बघते तर हे.

बारीक तारेवर हेरिंग छान नाचते, पण मोठ्या सॅमनने जोर लावला की तार उघडते. मला जरा भक्कम गळ हवेत. लायोनेल म्हणत होता की भक्कम म्हणजे जाडच असायला पाहिजे असं नाही, पण

जाऊ दे. बर्फाची बोट निघतेय. खोकला गेला. काकांना सांग, फोटो खिशातच ठेवा.

डेल्फिन

•

हेमलॉक कोव्ह
२४ जुलै

गाठ पाहिली. मी एकटीनेच नाही पाहिली. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना विनिफ्रेडच्या नाकासमोर काडेपेटी उघडली आणि म्हटलं, "ओढ." ती ओढत बसली. तिचा जावई ओढत बसला. पाद्रीबाबांनीही ओढून पाहिलं. विनिफ्रेड म्हणाली, "गाठ बरी आहे." बरी! तिच्या तोंडून 'बरी' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून गाणं.

आता हे लायोनेल काय प्रकरण आहे? बर्फाच्या बोटीवर इंजिन सांभाळतो तोच ना, उंच, काटकुळा, टोपी हातात धरून उभा राहणारा? हे तारेचे गळ त्यानेच दिले असणार. माणूस पातळ, गळ पातळ. यापुढे त्याने दिलेलं काही वापरू नकोस.

मी तुझ्या आजोबांची पेटी उघडली. हॅलिबटसारखे बोजड मासे ओढायचे गळ आहेत त्यात, चांगले करंगळीएवढे जाड. त्यातले धाकटे निवडून कॉफीच्या डब्यात जोड्या बांधून पाठवतेय. धाकटे म्हणजे तुझ्या त्या सुयांचे आजे. भरवसा ठेवून वापर, कारण मी परीक्षा घेतलीय. मासे धुरवायच्या खोपीच्या तुळईला दोरी बांधली, दोरीला गळ, आणि गळाला बेनेडिक्टच्या होडीचं इंजिन टांगलं. सकाळी तो शोधत आला. "आई, माझं इंजिन वर का टांगलंय?" मी म्हटलं, "ते आज मासा आहे." त्याने इंजिनाला बोटाने ढोसलं. मग म्हणाला, "मेलंय का?" पोरात बापाचं थोडं आहे अजून. गळ केसभरही उघडला नव्हता.

एक गोष्ट विसरू नकोस, तुझ्या आईने तुला शिकवली असेल तरी पुन्हा सांगते. मासे लागत असले की आकडा लिहायचा नाही. माणसाने आकडा उच्चारला की माशांना वाटतं, यांना आम्ही पुरे झालो, आणि ते वळतात. लागत नसतील तर खुशाल रडून पत्र ओलं कर. लागत असतील तर तोंड मिटून हवापाण्याचं लिही. मी समजेन.

आजी

•

ग्रॅनाइट पॉइंटचा तळ
३१ जुलै

आजी,

डबा पोचला. गाठी नेहमीसारख्या सुरेख. आठवडाभर तुझेच गळ वापरतेय. एकही गळ वाकला नाही आणि एकही मासा सुटला नाही.

हवा छान आहे. सकाळी धुकं असतं, दुपारी निवळतं. समोरच्या खडकावर गरुडाची जोडी बसते. इथल्या धुराच्या खोपीचं छप्पर गळत होतं ते मी नीट केलं, लाकडंही फोडून रचून ठेवलीत.

सगळ्यांना नमस्कार. काकांना विशेष.

डेल्फिन

•

हेमलॉक कोव्ह
८ ऑगस्ट

वाचलं. सगळं समजलं. तोंड मिटून कसं लिहायचं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. धुकं, गरुड, खोपीचं छप्पर! छप्पर कोण नीट करतं? ज्याला खाली काही टांगायचं असतं तो. मी पत्र बेनेडिक्टला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "यात माशांचं तर काहीच नाही." मी म्हटलं, "तेच तर. तुला कळत नसेल तर तू कॅनरीतच जन्माला यायला हवा होतास."

तुझ्या पत्राच्या जोरावर मी पाहुणे वाढवलेत. आधी आपलं गाव आणि खाडीपलीकडचे एवढेच होते. आता उत्तरेकडची दोन गावं बोलावली, आजोबांचे मावसभाऊ तिथे आहेत, त्यांना सोडलं असतं तर ते मेल्यावरसुद्धा भांडायला आले असते. विनिफ्रेडच्या व्याह्यांनाही सांगितलं, ती बाजूलाच उभी होती, करणार काय. निरोप गेले, उत्तरं आली, सगळे येतायत. बेनेडिक्टचा चेहरा ताकासारखा झालाय. बोटीचा फोटो त्याने कपाटात ठेवला.

तो तुझा काटकुळा पत्र द्यायला आला होता. पत्र दिलं तरी हलेना. टोपी चोळत म्हणतो, "आजी, डेल्फिनकडे जरा, म्हणजे गळांचं जरा..." मी म्हटलं, "गळांचं तू मला शिकवू नकोस. तुझ्या बोटीचा भोंगा झाला, पळ." भोंगा झाला नव्हता. तरी गेला. आज्ञाधारक आहे, एवढं म्हणेन.

मीठ आहे का पुरेसं? चांगलं धुरव. आल्डरचं लाकूड वापर, दुसरं नको.

आजी

•

ग्रॅनाइट पॉइंटचा तळ
१४ ऑगस्ट

आजी,

आधी खाली बस. बसलीस? हे पत्र मोठ्याने वाचू नकोस आणि काकांच्या हाती लागू देऊ नकोस.

एकही मासा सुटला नाही, कारण एकही मासा लागला नाही. खोप रिकामी आहे. छप्पर मी नीट केलं ते हाताला दुसरं काम नव्हतं म्हणून. लाकडं फोडली ती राग काढायला. तू म्हणाली होतीस, लागत नसतील तर रड. पण ते गळ आजोबांच्या पेटीतले होते, तू त्यांना इंजिन टांगून बघितलं होतंस, आणि त्यांच्याबद्दल रडायला माझं मन होईना. म्हटलं, एक आठवडा जाऊ दे, जमेल. आणि खोटं लिहायचं नाही म्हणून हवेचं लिहिलं. त्याचा अर्थ तू काय लावशील हे लिहिताना डोक्यातच आलं नाही. पाहुणे वाढवल्याचं वाचलं तेव्हा मी डेकवर मटकन बसले, हेरिंगच्या बादलीत.

तुझे गळ भक्कम आहेत, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. पण नाकापेक्षा मोती जड झालाय. तो गळ घातला की हेरिंग गिरकीच घेत नाही. पायात दगड बांधल्यासारखी सरळ खाली जाते, आणि दोन-चार वेळा ओढली की पोटाशी फाटते. सॅमन जवळ येतात, बघतात आणि निघून जातात. शेजारच्या बोटीवरचे दोघे भाऊ मला विचारतात, "डेल्फिन, हेरिंग आत्महत्या करायला निघालीय का?"

आणि आजी, रागावू नकोस, ते सुईसारखे पातळ गळ लायोनेलचे नव्हते. ते तुझ्याच डब्यात होते. मे महिन्यात तू दुकानातून घेतलेस, चकाकतात म्हणून. लायोनेल म्हणतो, जूनमध्ये त्याने गळांचं एक पाकीट थेट तुझ्या हातात दिलं होतं, माझ्या जोड्या बांधायला म्हणून. मोठ्या माणसाच्या हातात द्यावं असं त्याच्या आईने शिकवलंय. ते पाकीट कुठे आहे?

मोठे सॅमन आता इथे फार दिवस राहणार नाहीत. सप्टेंबर लागला की नदीकडे वळतील. आजी, मला ही बोट गमवायची नाही. काकांनी ती विकली तर मला त्या कॅनरीतच कामाला जावं लागेल, आणि तू मला तिथे डबे भरताना बघावंस असं मला वाटत नाही.

डेल्फिन

•

हेमलॉक कोव्ह
२१ ऑगस्ट

कुठलं पाकीट?

बरं, ते पाकीट. आठवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा त्यातल्या गळांवर टांगलाय, आणि दारामागे तुझ्या आजोबांचा जाड कोट. मला पडद्याला आकडे हवे होते आणि ते तिथे पडले होते. आता पडदा काढलाय, सकाळी ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येतं, चहा करताना काही दिसत नाही. तुझ्यामुळे.

रडायचं तेव्हा रडायचं असतं, पोरी. माझं मन राखून मासे मिळत नाहीत. माझं मन इतकं नाजूक असतं तर तुझ्या आजोबांबरोबर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच फुटलं असतं.

ते गळ मी हातात घेऊन नीट पाहिले. दांडी आखूड. पोट रुंद. तार बारीकच, पण वाकते त्या जागी दोन्ही बाजूंनी ठोकून चपटी केलेली. खोपीत नेऊन इंजिन टांगलं. बेनेडिक्ट आता इंजिन शोधतही नाही, सरळ खोपीकडे येतो. "सोडू का मासा?" म्हणाला. मी म्हटलं, "अजून खेळतोय." गळ उघडला नाही. पण इंजिन टांगून झालं, आता पोहतो कसा ते बघायला हवं होतं, आणि ते मी मागच्या खेपेला बघितलं नव्हतं. म्हणून होडी काढली. एकटीने वल्हवून दोरीकडे बघता येत नाही, म्हणून विनिफ्रेडला घेतलं. तिला सगळं सांगावं लागलं. सांगितलं नसतं तरी तिने रेडिओवर ऐकलंच असतं कुठूनतरी.

ती वल्हवत होती, मी हेरिंग सोडत होते. आधी आजोबांचा गळ. हेरिंग शवपेटीसारखी गेली. विनिफ्रेड म्हणाली, "हिला पाणी द्या कुणीतरी." मग पडद्याचा गळ. डेल्फिन, ती अशी फिरायला लागली की विनिफ्रेड बघताबघता वल्हवायचं विसरली आणि आम्ही समुद्रशेवाळात अडकलो. तिथून निघेपर्यंत दुपार झाली. दोघी भिजलो. लग्नानंतर इतकी मजा आली नव्हती, तिला म्हणजे. मला शेवाळ काढायचं होतं.

पाहुण्यांना आता नको येऊ म्हणता येणार नाही. बोलावणं गेलं की गेलं. आपण मेलो तरी त्यांना जेवून जायला हवं. बेनेडिक्टला मी काही सांगितलेलं नाही. तो मला रोज विचारतो, मी त्याला रोज हवा कशी आहे ते सांगते.

डब्यात जोड्या आहेत. पाकिटातले सगळे गळ वापरले. त्यातल्या काही विनिफ्रेडने बांधल्यात, लाल दोऱ्याची खूण आहे त्यांच्यावर. त्या सुटल्या तर रेडिओवर खुशाल सांग, नाव घेऊन सांग.

आणि आता मासे लागले तर नुसती गप्प बसू नकोस. आकडा नको, पण मीठ माग. जितके लागतील तितकं मीठ माग. मिठाला कुणी मासा घाबरत नाही.

आजी

•

ग्रॅनाइट पॉइंटचा तळ
२८ ऑगस्ट

आजी,

मीठ पाठव.

आकडा नाही सांगत, फक्त एकाचं सांगते. पहिल्याच दिवशी, त्याच जागी, पाणी थांबल्यावर. हेरिंग गिरक्या घेत गेली आणि दिसेनाशी व्हायच्या आतच दोरी पळाली. नुसती पळाली, मला न विचारता. मी हसले नाही, मागच्या वेळचं लक्षात होतं. शेजारचे भाऊ ओरडत होते, एक "सोड, दोरी सोड!" आणि दुसरा, "धर, धर!" मी दोघांचंही ऐकलं नाही. खडकाकडे गेला, परत आला, बोटीच्या पंख्याकडे वळला. मी काठी पाण्यात खुपसून पुढच्या टोकापर्यंत धावले. दोन्ही हात काठीवर, जाळी धरायला हात उरला नाही. बर्फाची बोट तेव्हाच तळाला लागत होती. लायोनेलने तिकडून उडी मारली, अर्धा डेकवर, अर्धा पाण्यात, आणि जाळी घातली. वजन केलं नाही. दोघांनी मिळून उचलला एवढंच लिहिते.

गळ तोंडाच्या कोपऱ्यात रुतला होता. बाहेर काढला तर जसाच्या तसा, पुन्हा पडदा टांगता येईल असा.

पहिला होता म्हणून आम्ही रीतीप्रमाणे तो तळावरच सगळ्यांना वाटून खाल्ला आणि काटे जसेच्या तसे पाण्यात परत सोडले. पुढच्यांना कळू दे, इथली माणसं नीट वागतात.

लाल दोऱ्याची एकही जोडी सुटलेली नाही. हे विनिफ्रेडआजीला सांगायचं की नाही ते तू ठरव.

डेल्फिन

•

हेमलॉक कोव्ह
४ सप्टेंबर

मीठ पाठवलंय. विनिफ्रेडला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, मी म्हटलं, अजून वापरायच्या आहेत.

"दोघांनी मिळून उचलला." बरं. त्याला पोहता येतं का? अर्धा पाण्यात म्हणजे कुठला अर्धा?

आजी

•

ग्रॅनाइट पॉइंटचा तळ
११ सप्टेंबर

आजी, आणखी मीठ पाठव. खोपीत माझ्यासाठी उभं राहायला जागा नाही, बाहेर उभी राहून लिहितेय.

खालचा अर्धा. येतं.

डेल्फिन

•

हेमलॉक कोव्ह
२ ऑक्टोबर

गावजेवणाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे निघून गेलीस, धड झोपलीही नाहीस. मला म्हणालीस, पाणी चांगलं आहे, शरदातले सॅमन चुकवायचे नाहीत. तुझे आजोबा हेच म्हणायचे आणि मी त्यांनाही शिव्या द्यायचे. मग आता इथे काय काय झालं ते तुला कोण सांगणार? विनिफ्रेड सांगेल, पण तिचं ऐकलंस तर त्यात मी नसेन.

बेनेडिक्ट सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला की बोट डेल्फिनची, ते तू ऐकलंस. त्याआधीचं तू ऐकलं नाहीस. तू मासे उतरवत होतीस तेव्हा तो स्वयंपाकघरात आला, माशांची खोकी मोजली नाहीत, एक तुकडा तोंडात टाकला, आणि भिंतीकडे तोंड करून खात राहिला. मी म्हटलं, "मीठ बरोबर आहे का?" म्हणाला, "बाबांसारखं आहे." मग बाहेर गेला आणि ते बोलला. म्हणजे ते मी बोलायला लावलं नाही, लोक तसं म्हणतायत. माशाने बोलायला लावलं.

शहरातला तो गिऱ्हाईकही आला होता जेवायला. दोनदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारलं, बोट आवडली का? म्हणाला, मासे जास्त आवडले. पुढच्या वर्षी पुन्हा येईन म्हणाला. मी त्याला कुणाच्या नावाने बोलावणार, पण येऊ दे.

उत्तरेकडचे मावसभाऊ न भांडता गेले. असं कधी झालं नव्हतं. एकाची तब्येत बरी नसावी.

आणि आता ऐक. परवा जिन्याखालची झाडलोट करताना मला दोन खोकी सापडली, जुन्या ताडपत्रीखाली दडवलेली. डबे. कॅनरीचे. तुझ्या काकाने ऑगस्टमध्येच आणून ठेवले होते, माझ्या हवेच्या बातम्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मी विचारलं तर म्हणतो, "आई, तूच म्हणालीस ना, पाहुणा उपाशी जाता कामा नये." रोज एक डबा उघडते आणि त्याच्या पानात वाढते. त्याला आता त्या डब्याचा वाससुद्धा सहन होत नाही. मी म्हणते, खा, अन्न टाकायचं नसतं. अजून दीड खोकं शिल्लक आहे.

पण हे सगळं सांगायला पत्र लिहीत नाही. मला बोटीवर यायचंय. शरदातले सॅमन खेळकर असतात, मोठ्यांपेक्षा हलके, त्यांना वेगळी जोडी लागते, पुढचा गळ आणखी आखूड. ती इथे घरात बसून, पडदा लावून, नुसतं इंजिन टांगून ठरवायची नाही असं मला वाटतं. हेरिंग पाण्यात कशी जाते ते बांधणाऱ्याने बघायला हवं, आणि तिथलं पाणी वेगळं, इथलं वेगळं. तू कापत जा, मी बांधत जाईन. विनिफ्रेडला हे सांगितलं तर ती म्हणाली, या वयात कुणी बोटीवर राहायला जातं का? म्हणून आता जायलाच हवं. ती पण यायचं म्हणतेय. तिला मी नाही म्हटलंय. तिला मी पुन्हा विचारीन, वल्हवते बरी.

पुढच्या बर्फाच्या बोटीने येईन. सामान जास्त नाही. एक गादी, चहाची किटली, आजोबांची पेटी. तुझ्या बोटीच्या खोलीत शेगडीजवळची जागा माझी, तू दाराजवळ झोप, तू तरुण आहेस.

याचं उत्तर तू देऊ नकोस. तू माझं मन राखून लिहितेस, मी त्यावरून काहीतरी ठरवते, आणि मग गावंच्या गावं जेवायला येतात. मला खरं उत्तर हवंय. बर्फाच्या बोटीवर म्हातारीला चढायला नीट शिडी आहे का, की बर्फाबरोबर दोरीने वर ओढणार. वाटेत समुद्र कसा असेल. आणि तळावर पोचल्यावर मला डेकवर उचलून कोण घेणार, कोरडं घेणार की अर्धं. हे सगळं लायोनेलने लिहायचं. स्वतःच्या हाताने, पुढच्या खेपेच्या आत. आणि आणखी काही लिहायचं असेल त्याला, तुझ्याबद्दल, मला उद्देशून, त्याच्या आईने शिकवलंय तसं मोठ्या माणसाच्या हातात द्यायचं, तर तेही त्याच कागदावर लिहावं. वेगळा कागद वाया घालवू नये.

आजी